वापर करून दाखवा

मुलुखियाच्या, म्हणजे पातळ पालेभाजीच्या, पातेल्यावर लसणाची फोडणी ओतताना आमच्या अलेक्झांड्रियातली कुठलीही बाई मोठ्ठ्याने श्वास आत ओढते. का, ते विचारू नका. तो श्वास नसेल तर भाजी बेचव होते अशी समजूत आहे, आणि ती तपासून बघायची हिंमत आजवर कुणी केलेली नाही. त्या गुरुवारी सुहैरने फोडणी ओतली, चर्र झालं, आणि तिने श्वास घेतलाच नाही. बाहेरच्या खोलीत तिचा नवरा वजीह वर्तमानपत्र खाली ठेवून कान देऊन बसला होता.

सुहैरने पातेलं आणून टेबलावर आदळलं. शेजारी कॅप्सूलची बाटली आणि मधाची बरणी ठेवली. दोन्ही वस्तू वजीहने रमजानच्या कंदिलाच्या खोक्यात, कपाटावर, अगदी मागे लपवल्या होत्या.

"हे काय आहे?"

"व्हिटॅमिन आहे गं. ई."

"ते मला वाचता येतं. कशासाठी?"

"केसांसाठी," वजीह म्हणाला.

सुहैरने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. मुलगी दालिया पाळण्यात होती तेव्हापासून त्या डोक्यावर काही उगवलेलं नव्हतं, आणि दालियाला आता स्वतःची दोन पोरं होती.

"बरं. आणि हा मध?"

बरणीवर उधळलेल्या घोड्याचं चित्र होतं. असला मध आमच्याकडे पुरुष कशासाठी खातात, हे मिसरूड न फुटलेल्या पोरांनाही ठाऊक असतं.

"खोकला झालाय."

"पाच महिने झाले, पाठ दुखते म्हणून तू दिवाणखान्यात झोपतोस. माझ्याकडे पाठ करून चहा पितोस. मग हा घोडा कुणासाठी धावतोय, वजीह? तिचं नाव तरी सांग."

"अगं, कुणी नाहीये. दालियाची शपथ!"

"पोरीला मध्ये आणू नकोस. रविवारी सकाळी मी माझ्या भावाकडे, अनीसकडे जातेय. पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर माझे काका येतील, तुझा भाऊ येईल. चार माणसांत बसून सांग, दुसरी आणतोयस का आणलीयस. मग मी परत यायचं की नाही ते ठरवीन."

आता खरं काय ते मलाच सांगायला हवं, कारण वजीह ते सांगायचा नाही. वजीह भला माणूस. बहरी भागातल्या आमच्या गल्लीत त्याच्याबद्दल वाईट बोलणारा कुणी भेटला, तर तो वजीहच्या कस्टम कचेरीतून पार्सल सोडवून आलेला आहे असं खुशाल समजावं. बाहेरख्याली तर तो नव्हताच. उलट सुहैर घरात नसली तर त्याला चहाची साखर सापडायची नाही. भानगड वेगळीच होती. ज्या अवयवाबद्दल पुरुष डॉक्टरसमोरसुद्धा घसा खाकरून बोलतो, त्याच्या आत त्याला हिवाळ्याच्या सुरुवातीला एक कडक गाठ लागली. मग ऐन वेळी तो भाग दुखायला लागला आणि सरळ राहायचं सोडून एका बाजूला चांगलाच वाकायला लागला.

फोनवर शोधलं तर आजाराला नाव होतं, पेरोनीचा आजार. आतल्या आवरणावर व्रण धरतो, तो व्रण आवळला की बाक येतो. पुष्कळ पुरुषांना होतो, असंही तिथे लिहिलं होतं. वजीहचा त्यावर काडीचाही विश्वास बसला नाही. पुष्कळांना होत असता तर कॉफीच्या दुकानात कधीतरी कानावर आलं नसतं का? हा आजार जगात आपल्या एकट्याला झालाय, तोही कुठल्यातरी पापाची शिक्षा म्हणून, आणि सुहैरला कळलं तर ती एक तर हसेल नाहीतर कीव करेल. दोन्हींपैकी काय जास्त वाईट, हे त्याला ठरवता येईना. म्हणून तो दिवाणखान्यात झोपायला गेला. आधी बरं व्हायचं आणि मग पाठ बरी झाली म्हणून परत जायचं, असा त्याचा बेत.

डॉक्टरकडे गेला नाही असं नाही. समुद्राच्या रस्त्यावर डॉक्टर मुनीरची पाटी आहे, त्या दवाखान्यात एकदा शिरला. बसायच्या खोलीत आमच्याच गल्लीतला सुतार बसलेला दिसला. वजीहने "पत्ता चुकला" असं जाहीर केलं आणि जिन्यावरून पळाला. सुतारही त्याच दारातून मागोमाग पळाला, पण ते वजीहला कळलं नाही.

मग औषधांच्या दुकानात "एका मित्रासाठी" विचारलं. दुकानदार शहाणा होता. "मित्राला डॉक्टरकडे पाठवा, उस्ताद," म्हणाला. हे ऐकायचं नव्हतं म्हणून वजीहने आपणच कॅप्सूल उचलून आणल्या. त्यानंतर तो काष्ठौषधीवाल्या हाज बयूमीकडे गेला. बयूमीला कमी ऐकू येतं, म्हणून तो मोठ्याने बोलतो.

"मित्राला होतंय काय?"

"बाक आलाय," वजीह कुजबुजला.

"बाक? पाठीला?"

"नाही."

"मानेला?"

"नाही हो."

"मग आता माणसात वाकण्यासारखं उरलं काय, बाबा?"

जिरं निवडणाऱ्या दोन बायका वळून बघायला लागल्या. "गुडघ्याला!" वजीह ओरडला. बयूमीने गुडघ्यासाठी मिरचीच्या अर्काचं मलम दिलं. ते त्याने लावलं का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. पण त्याच दुपारी, भर फेब्रुवारीत, वजीह कपड्यांसकट कमरेइतक्या समुद्रात उभा होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. विचारलं तर म्हणाला, "हवा छान आहे." दात वाजत होते.

घोड्याचा मध त्यानंतरचा. त्याने बाक तसूभरही हटला नाही. फक्त दुखण्याच्या वेळा वाढल्या.

शेवटी फोनवरच त्याला एक उपकरण दिसलं. दोन कडी, मध्ये स्प्रिंगच्या बारीक दांड्या, एक मऊ पट्टा. रोज काही तास लावून ठेवायचं, ताण द्यायचा, महिनोन्‌महिने धीर धरायचा. हे इटलीहून मागवावं लागत होतं, आणि इथे वजीहच्या नशिबाने दात काढले.

कारण बाहेरून येणाऱ्या पार्सलांच्या कस्टम कचेरीत वजीह स्वतः कामाला होता, आणि तिथला एक नियम त्याने स्वतः भांडून आणला होता. ओळखू न येणारी वस्तू आली, की मालकाने जातीने यायचं, समितीपुढे उभं राहायचं आणि वस्तूचा वापर करून दाखवायचा. त्याशिवाय पार्सल सुटायचं नाही. पूर्वी लोक काहीही आणून "घरगुती वस्तू" म्हणायचे. वजीहने ते बंद केलं. एका म्हाताऱ्याने त्याच्यासमोर पायाला मालिश करणारं यंत्र मोजे काढून चालवून दाखवलं होतं. एका सासूबाईंनी घरून कणीक मळून आणली होती आणि शेवया पाडल्या होत्या. वजीहला या नियमाचा केवढा अभिमान!

आपल्या नावावर उपकरण मागवणं म्हणजे स्वतःच्या हाताने गळफास. पण त्याचा मेहुणा अनीस बंदरावर मासेमारीच्या सामानाचं दुकान चालवायचा. त्याच्या गळांची, दोऱ्यांची, शिशाच्या वजनांची पार्सलं सारखी यायची. वजीहच ती न उघडता सही करून सोडायचा आणि घरी जाता जाता दुकानात टाकायचा. म्हणून त्याने पार्सल अनीसच्या नावाने मागवलं. ते आपल्याच टेबलावर येईल, आपण सही करू, पिशवीत घालू, कुणाला पत्ताही लागायचा नाही. बेत चांगला होता, हे मीही मान्य करतो. त्यात फक्त एकच गोष्ट गृहीत होती, की त्या दिवशी वजीह टेबलावर असेल.

रविवारी सकाळी सुहैर बॅग घेऊन निघाली. वजीह कामावर जायचं सोडून तिच्यामागे ट्राममध्ये चढला. बायकांच्या डब्यात त्याला घेईनात, म्हणून तो पुढच्या डब्याच्या खिडकीतून मागे बघत, हात जोडत गेला. ती बंदरावर उतरली, भावाच्या घरात गेली आणि दार लावून घेतलं. वजीह उन्हात तासभर उभा राहिला. दुपारी कचेरीत पोचला तर शेजारच्या टेबलावरची मादाम इक्बाल हातातलं विणकाम बाजूला ठेवून त्याची वाटच बघत होती.

"उस्ताद वजीह, तुमच्या मेहुण्याचं पार्सल आलंय. तुम्ही नव्हता म्हणून मी उघडलं. हे बघा बरं, कशाचं आहे?"

तिच्या टेबलावर, लोकरीच्या गुंड्याशेजारी, ते उपकरण पडलं होतं.

"मासे... मासेमारीचं असेल."

"कसं वापरतात?"

"मला काय माहीत!"

"तेच म्हणते मी. आपल्या दोघांना ओळखता येत नाही, म्हणजे तुमचा नियम लागतो. मंगळवारी समिती ठेवलीय. अनीसभाईंना फोन केलाय. शौकत बे स्वतः बसणार आहेत."

शौकत बे म्हणजे कचेरीचे साहेब; 'बे' हे आमच्याकडे मानाने लावायचं. हसताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. समितीत शौकत बे, मादाम इक्बाल आणि, नियमाचा जनक म्हणून, वजीह. डब्यात एक पुस्तिका होती, इटालियनमध्ये, पण आत चित्रं असणार हे उघड होतं. वजीहने ती उचलली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसला. मंगळवारपर्यंत तो त्या खुर्चीवरून फक्त घरी जायला उठला, आणि तेव्हा पुस्तिका मोज्यात असायची.

सोमवारी संध्याकाळी तो अनीसच्या दुकानात गेला. आतल्या बाजूला पडद्यामागे घर होतं. पडद्याखाली सुहैरच्या चपला दिसत होत्या.

"अनीस, ते पार्सल तू नाकार बाबा. चुकून आलंय. परत पाठवून टाकतो मी."

अनीस गळांना धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, "दाजी, माझ्या नावाचा माल मी नाकारू? का?"

"तू मागवलायस का तो?"

"मी रोज काय काय मागवतो, माझ्या लक्षात राहतं होय? आला म्हणजे मागवला असेल."

"अरे, पण तुला वापर करून दाखवावा लागेल. सगळ्यांसमोर. तुला काय करायचं ते माहीत तरी आहे का?"

अनीसने हातातला गळ खाली ठेवला. "बावीस वर्षं या धंद्यात आहे मी. मासे धरायच्या वस्तू मला तुम्ही शिकवणार? आधी माझ्या बहिणीला घराबाहेर काढलंत, आता माझ्या मालावर डोळा?"

"मी नाही काढलं तिला!"

"मग कुणी काढलं?" पडद्यामागून आवाज आला. "त्या घोड्याने?"

वजीह बाहेर पडला. बंदरावर नावा हेलकावत होत्या. त्यातली एखादी आपल्याला घेऊन सायप्रसकडे जाईल का, असं त्याच्या मनात आल्याचं त्याने मला नंतर सांगितलं. पण त्याला बोट लागते.

मंगळवारी अनीस इस्त्रीचा सदरा घालून, अत्तर लावून आला. समोर तिघं. मधल्या खुर्चीत शौकत बे, डावीकडे मादाम इक्बाल, उजवीकडे पुस्तिकेवर वजीह. टेबलावर ते उपकरण. अनीसने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, एक दांडी ओढून सोडली. टण्‌कन आवाज झाला आणि वजीहने डोळे मिटले. आता मेहुणा सगळ्यांसमोर कबूल करेल की वस्तू आपली नाही, मग पार्सलाचा माग काढला जाईल, माग काढला की फोन नंबर निघेल, आणि तो नंबर वजीहचा होता.

पण अनीस माघार घेणाऱ्यांतला नव्हता. "हां हां," तो म्हणाला, "हे ते. हे गळाच्या काठीसाठी असतं, बे."

"काठीचं काय करतं?" मादाम इक्बालने विचारलं.

"मोठा मासा लागला, की काठीचं टोक वाकतं. एकदा वाकलं की कायमचं. काठी फेकून द्यावी लागते. त्याला हे लावायचं. ताई, ती तुमची सुई द्या बघू."

मादाम इक्बालची प्लास्टिकची विणायची सुई तिच्या वजनाखाली येऊन कधीचीच वाकडी झाली होती. अनीसने सुईचं टोक एका कड्यात अडकवलं, दुसरं टोक दुसऱ्या कड्यात, मऊ पट्टा ओढला, दांड्या लांबवल्या. सुई ताणली गेली आणि सगळ्यांसमक्ष बरीचशी सरळ झाली.

"अगंबाई!" मादाम इक्बाल टाळ्या वाजवायचीच बाकी होती. "काय एकेक शोध लावतात लोक!"

"पण लगेच सोडायचं नाही बरं का," आता अनीस रंगात आला होता. "सोडलं की पुन्हा वाकतं. रोज थोडा थोडा ताण. घाई केली तर काठी मोडते. धीर पाहिजे, धीर."

वजीहच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मादाम इक्बालने त्याला पाणी दिलं. शौकत बे तेवढा वेळ उपकरणाकडे टक लावून बघत होते. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि हळूच विचारलं, "दुखतं का?"

"काय?" अनीस म्हणाला.

"म्हणजे... ताण देताना."

"काठीला काय दुखणार, बे?"

"बरोबर आहे," शौकत बे म्हणाले आणि त्यांनी सही केली. मासेमारीचं सामान, पास. अनीसने मिशीवर ताव दिला, उपकरण डब्यात घातलं आणि वजीहच्या डोळ्यांदेखत घेऊन गेला. वजीहला सुटकेचा श्वास टाकायचा होता, पण टाकता येईना. लाज वाचली आणि औषध गेलं. शुक्रवार तेवढा जवळ आला.

बुधवारी अनीसने उपकरण दुकानाच्या काचेत मांडलं. शेजारी एक सरळ काठी, एक वाकडी काठी, आणि वर पाटी, "इटालियन. एकच नग." जाणारी येणारी माणसं थांबायला लागली. कोळी हसून पुढे जायचे. पण काही शहरी माणसं, ज्यांनी जन्मात गळ हातात धरला नसेल, काचेला नाक लावून उभी राहायची, इकडेतिकडे बघायची आणि किंमत न विचारताच निघून जायची. अनीसला याचं नवल वाटलं. मलाही तेव्हा वाटलं, आता वाटत नाही.

गुरुवारी वजीहने हिय्या केला. कचेरी सुटल्यावर तो थेट दुकानात शिरला. काच रिकामी होती.

"कुठे गेलं ते?"

"विकलं."

"विकलं? कुणाला? अरे, मला हवं होतं!"

"तुम्हाला?" अनीसने डोळे बारीक केले. "दाजी, तुम्ही तर मासा ताटात आल्यावरसुद्धा काट्यांना घाबरता."

"मी मासेमारी सुरू करणार होतो."

पडदा सरकला. सुहैर बाहेर आली. डोळे सुजलेले होते. पण केसांना ताजी मेंदी लावलेली होती.

"ऐक, अनीस," ती म्हणाली. "आधी केसांचं औषध. मग घोड्याचा मध. आता मासेमारी, म्हणजे शुक्रवारी-शनिवारी, सुट्टीच्या दोन्ही दिवशी घराबाहेर. अजून काही पुरावा हवाय का तुला? काकांना म्हणावं, यायची तसदी घेऊ नका. माझं ठरलंय."

"विकलं कुणाला, ते तरी सांग," वजीह रडकुंडीला येऊन म्हणाला.

"तुमच्या शौकत बेंना. काळा चष्मा लावून आले होते. घासाघीससुद्धा केली नाही. मला वाटतं, बेंचं डोकं ठिकाणावर नाही." एवढं बोलून अनीस गिऱ्हाईक बघायला बाहेर गेला.

वजीह कोळंबीच्या रिकाम्या खोक्यावर मटकन बसला. सगळं संपलं होतं. कॅप्सूल संपल्या होत्या, उपकरण गेलं होतं, बायको चालली होती. आता लाज राखून ठेवायची तरी कुणासाठी? तो माणूस हमसून हमसून रडायला लागला. आणि रडता रडता, गळांच्या आणि शिशाच्या वजनांच्या मधोमध, त्याने सुहैरला सगळं सांगितलं. गाठ सांगितली, बाक सांगितला, हाज बयूमीचं मलम सांगितलं, ते पार्सल कुणाचं होतं तेही सांगितलं. मान वर करून बघायची त्याला हिंमत होईना.

सुहैर पुढे आली. मग त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"दुखतं?" तिने विचारलं.

वजीहने मानेनेच हो म्हटलं.

"खूप?"

"पूर्वी जास्त दुखायचं. आता कमी झालंय."

"आणि तू पाच महिने त्या मोडक्या सोफ्यावर..." तिचा आवाज फुटला, आणि लगेच तिला संताप आला. "मूर्खा! अरे गाढवा! मी रोज उशीत तोंड खुपसून रडत होते. मला वाटलं मी म्हातारी झाले. मी केस रंगवले, मी भात सोडला! भात! आणि तू कोंबडीसारखा गोळ्या टिपत बसला होतास?"

"मला वाटलं, तू हसशील."

"हसणारच आहे मी. आधी बरा तर हो."

शुक्रवारी काका आले, वजीहचा भाऊ आला. सुहैरने सांगितलं की पाठीचं दुखणं होतं, गैरसमज झाला. चार माणसांनी तळलेले मासे खाल्ले, संसारावर दोन शब्द सुनावले आणि ती घरी गेली. शनिवारी संध्याकाळी तिने वजीहला दंडाला धरून डॉक्टर मुनीरच्या दवाखान्यात नेलं. बरोबर कॅप्सूलची रिकामी बाटली, मध आणि मलम, सगळं पिशवीत. डॉक्टरने ती पिशवी उघडून पाहिली आणि उसासा टाकला. यातल्या कशाने बाक जातो असं कुणी सिद्ध केलेलं नाही, म्हणाले, आणि मलम हातात धरून, "हे तुम्ही खरंच..." एवढंच विचारून थांबले. मग त्यांनी शांतपणे समजावलं. हा कर्करोग नाही, शिक्षा नाही, दुखणं कमी होतंय हे चांगलं लक्षण आहे. आधी तपासणी. पुढे गरज पडली तर इंजेक्शनं आहेत, अगदीच अडलं तर शस्त्रक्रिया. ताण देणारं उपकरणही काहींना थोडंफार उपयोगी पडतं, पण शिकून घेऊन वापरलं तर. "जरा बाहेर थांबा, उपकरण आणलेले दुसरे एक पेशंट आहेत, त्यांच्याबरोबरच तुम्हालाही दाखवतो."

दोघं बाहेर येऊन बसले. कोपऱ्यात एक माणूस उघड्या वर्तमानपत्रामागे बसला होता. मांडीवर माशाचं चित्र छापलेली पिशवी होती, अनीसच्या दुकानाची. वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

"बे!" वजीह ताडकन उभा राहिला.

"बसा," शौकत बे म्हणाले. "मासे मी कधीच धरले नाहीत, उस्ताद वजीह. आणि पार्सल कुणाचं होतं, ते मला मंगळवारीच कळलं होतं. मालकाला वस्तू ओळखता आली नाही आणि तुम्ही पुस्तिकेवर बसला होता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? या डॉक्टरांनी मला दोन वर्षांपूर्वीच ते मागवायला सांगितलं होतं. दोन वर्षं! मागवू कसं? तुमचा तो नियम!"

"पण बे, साहेब तुम्ही आहात. नियम रद्द करायचा होता."

"आणि कारण काय लिहायचं होतं?" शौकत बे म्हणाले. त्यांच्या ओठाचा कोपरा जरासा थरथरला. ते हसले असावेत. सवय नसल्यामुळे नक्की सांगता येत नाही.

इतक्यात आतून नर्स आली. "ते उपकरण कुणाकडे आहे? आत या. डॉक्टर म्हणतात, नीट लावता येतं का ते त्यांच्यासमोर वापर करून दाखवा."

शौकत बेंनी पिशवी वजीहकडे सरकवली. "तुम्ही चला. मागवलं तुम्ही."

"छे छे, बे, विकत तुम्ही घेतलंत. आधी तुम्ही."

"अहो, नियम तुमचा. मान तुमचा."

"साहेबांच्या आधी मी कसा जाऊ? अल्लाची शपथ, मुळीच नाही."

"मीही शपथ घेतली आता!"

दाराशी उभे राहून दोघं एकमेकांना वाट करून देत होते, हॉटेलात बिल द्यायला भांडावं तसे. नर्स कंटाळून भिंतीला टेकली. तेव्हा सुहैर उठली. तिने दोघांच्या मधून पिशवी ओढून घेतली, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि मुलुखियाला फोडणी ओतताना घेतात तसा मोठ्ठा श्वास आत ओढला.

"चला," ती म्हणाली. आणि ते दोघं माना खाली घालून तिच्या मागोमाग आत गेले.